बेचाळीस मडकी

दुपारचे दोन वाजलेले, चैत्राचं ऊन, आणि बोर्डिंगच्या खोलीत वीसेक पोरं डोक्यावरून पांघरूण घेऊन निजलेली. उकाड्यानं माझा सदरा पाठीला चिकटला होता. पण एकही पोरगं तोंड उघडं करेना. सगळ्यांची डोकी खोलीच्या मधोमध आणि पाय भिंतीकडे. माझ्या नकाशात डोकी भिंतीशी होती.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी वाशीमबाहेर हे बोर्डिंग बांधलं, त्याचा नकाशा माझा. भारी मिजास होती मला त्याची. बोर्डिंगं तेव्हा कचेरीसारखी बांधत. खिडक्या उंच, वारा पोरांच्या डोक्यावरून जायचा. मी खिडक्या खाली आणल्या, पश्चिमेला कोठीघर घालून ऊन अडवलं. आणि उत्तरेच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, बेचाळीस झरोके ठेवले. झरोका म्हणजे भिंतीत आडवं बसवलेलं लांबट मडकं, बूड फोडलेलं. ओसरीची गार हवा बुडातून शिरणार, तोंडातून निजलेल्या पोरापाशी येणार, तापलेली हवा वरच्या भोकांतून बाहेर. कागदावर सगळं झकास होतं.

आणि सुपरिंटेंडेंट गुरुजींची चिठ्ठी आली की पोरं पळून जाताहेत. त्यातच शेलूबाजारकडचा किसन, नऊ वर्षांचा, दुपारी निजला तो जागाच होईना. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे वर गेलेले. डॉक्टर म्हणाले, उष्णतेनं झालंय, दोन दिवस काढले तर वाचेल. शेजारच्या खोलीत त्याला हलवलं होतं, उशाशी त्याचा बाप ओलं फडकं घेऊन बसला होता. मला पाहून त्यानं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वरचे साहेब सोमवारी येणार होते. पोराचं बरंवाईट झालं तर बोर्डिंगला कुलूप.

मी झरोके तपासले. बाहेरून जाळ्या ठीक, आतून तोंडं उघडी. मग खोली इतकी कोंदट कशी?

एका पोराचं पांघरूण ओढून विचारलं. ते हळूच म्हणालं, "भित सास घेऊन राह्यली, साहेब. कानाशी. किसन्याले नावानं बलावलं तिनं."

"मग तुम्ही काय करता?"

"भाकर टाकतो आमी मडक्यात. मंग ते दुसऱ्याकडं जाते."

भिंत श्वास घेते म्हणे! मी हसलो. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, मी रोज उभ्यानं फिरतो, मला काही ऐकू येत नाही.

हे ऐकून मला काय वाटलं कोण जाणे, मी कोट काढला आणि किसनच्या रिकाम्या जागेशेजारी सतरंजीवर आडवा झालो. कान मडक्यापाशी नेला. आणि खरंच, आत कोणीतरी श्वास घेत होतं. लांब, सावकाश. वाटलं माझाच असेल, म्हणून मी श्वास रोखला. तरी तो चालूच. अंगावर सर्रकन काटा आला. त्या खोलीत त्या घटकेला माझं इंजिनिअरिंग कुठे गेलं होतं देव जाणे. दात आवळून मी मडक्यात हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि बोटं टेकली.

बुडाला. मडकं अख्खं होतं.

दुसरं पाहिलं, तेही अख्खं. तिसरंही तसंच. भाकरीचा कण मात्र एकातही नव्हता. उंदीर, मी स्वतःला सांगितलं. आवाजाचा उलगडाही झाला. रिकामी घागर कानाला लावली की घुमते, तसं वीस पोरांचं श्वास घेणं त्या पोकळीत घुमत होतं. उभ्या माणसाला ते ऐकू कसं येणार? बूडच शाबूत, तर हवा येणार कुठून? पोरं भट्टीत निजत होती.

रहीम मिस्त्रीला बोलावलं. वीस वर्षं माझ्याबरोबर काम केलेला माणूस. तो मान खाली घालून उभा राहिला.

"कुंभारानं मडकी फोडू देल्ली नाईत, साहेब. बायाबी म्हणल्या, फुटकं मडकं मसनात नेतेत. लेकरं निजतेत तिथं, कायले लावता?"

"मग मला काहून सांगितलं नाही?"

"तुमी इचारलं कुठं? बाहेरून भित कोरून नुसत्या जाळ्या बसवल्या. तुमी पास केलं."

मी केलंच होतं पास. एका मडक्यातून आरपार उजेड पाहिला आणि उरलेली तशीच असणार म्हणून सही ठोकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांच्या चितेभोवती भोक पाडलेलं मडकं खांद्यावर घेऊन मी स्वतः तीन फेऱ्या मारलेल्या. आणि निजलेल्या पोरांच्या उशाशी तसली बेचाळीस नकाशात काढून मोकळा झालो होतो.

कुंभार म्हातारा होता. त्याची चाकावर फिरवलेली कौलं सगळ्या गावाला ठाऊक. आधी गोल नळी करायची, ओली असताना उभी चिरली की दोन कौलं. तो म्हणाला, "चिरली नाई तं नळीच ना, साहेब. फोडाचं कामच काय?" त्याच्या भट्टीजवळ भाजलेल्या नळ्या तयारच पडल्या होत्या.

रविवारी भिंत खोदली. एकेक मडकं अख्खं निघालं. शेवटचं, किसनच्या उशाचं, निघालं तेव्हा मिस्त्रीनं ते माझ्यासमोर धरलं. त्याला बूड नव्हतं. नमुना म्हणून पहिल्या दिवशी मीच ते हातोडीनं फोडलं होतं. मिस्त्रीनं ते तसंच बसवलेलं, आणि मी उजेड पाहिला तो त्यातूनच. साऱ्या भिंतीत हवा येत होती ती तेवढ्याच एका जागी, आणि पडला तो तिथलाच पोरगा.

नळ्या घेऊन आलेल्या कुंभारानं ते घेतलं, ओढ्याकडे चालता झाला आणि मागं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी नळ्यांतून वारा सुटला. किसननं बापाकडे पाणी मागितलं. सोमवारी साहेबांनी शेरा मारला, वायुवीजन समाधानकारक. उरलेली एकेचाळीस मडकी ओसरीत पिण्याच्या पाण्यानं भरून ठेवली.

पुढं अनेक बोर्डिंगं बांधली. प्रत्येक खोली पास करण्याआधी जमिनीवर आडवा होतो, आणि मजुरांना विचारतो की यातलं काय करायला तुमचा हात धजत नाही. नमुना मात्र स्वतःच्या हातानं पुन्हा कधी फोडला नाही. कारण विचारू नका, रिपोर्टातही लिहिलेलं नाही.