कमरेची नागीण

केजच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. विषाणूंचा धडा माझा लाडका. लहानपणच्या कांजिण्या बऱ्या होतात, पण तो विषाणू नसांच्या मुळाशी दडून बसतो. तिथं आपलीच पेशी त्याची जनुकं बंद करून ठेवते. अंगातली ताकद कमी झाली की तो जागा होतो आणि जनुकं चालू-बंद करायची पेशीचीच यंत्रणा स्वतःच्या प्रती काढायला जुंपतो. हीच नागीण. "आयत्या बिळावर नागोबा!" मी म्हणतो, पोरं हसतात.

मग तो नागोबा माझ्याच कमरेला निघाला. दवाखान्यातून गोळ्या आणल्या, घेतही होतो. पण फोड पाठीकडून पोटाकडं सरकले आणि लहानपणापासून ऐकलेलं डोक्यात घुमायला लागलं: नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस संपला. ती एकाच बाजूच्या नसेतून निघते, टोकं जुळत नाहीत, हे मीच फळ्यावर काढून दाखवतो. तरी नांदूरघाटकडच्या एका म्हाताऱ्याकडं नागीण उतरवायला गुपचूप गेलोच.

मी शर्ट वर धरून उभा. म्हातारा नागिणीची वाट अडवायला गेरूची रेघ ओढत होता. तेवढ्यात माझी एक विद्यार्थिनी वडलांच्या मागं मागं आत आली. वडलांच्या कपाळावर फोड, पापणी सुजून डोळा मिटलेला.

"दादा, डोळ्याजवळ हाय, आदी दवाखान्यात चला. आमच्या सरांनी शिकवलंय," ती विनवत होती आणि मला बघून थांबली.

वडलांना कळलं. "हेच का तुजे सर?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामा, डोळा जाईल. मी गोळ्याच घेतोय," मी खिशातलं गोळ्यांचं पाकीट दाखवलं.

"मंग हितं कावून आलात?"

इतकं शिकून उत्तर एकच होतं. "भ्यालो."

"आमी बी भ्यालोय की," म्हणत त्यांनी म्हाताऱ्यापुढं कपाळ धरलं.

शेवटी तडजोड झाली: आधी रेघ, मग दवाखाना. मीच त्यांना गाडीवर घेऊन गेलो, पोरगी मागून आली.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, डोळा वाचेल. मग कपाळावरचा गेरू बघून चिडले. "हा अडाणीपणा कुणी सुचवला?"

"मीच नेलतं," एकदा माझ्याकडं बघून पोरगी खाली मान घालून म्हणाली.

डॉक्टर तिला बोल बोल बोलले. मी शेजारीच उभा होतो, आणि गप्प राहिलो.