सोमवारची बटाट्याची बोटं

१८ ऑगस्ट, श्रावणातला शेवटचा सोमवार. सकाळची भांडी आवरली आणि बटाटे सोलायला बसले. माझ्यासाठी नाही, मोठ्या जाऊबाईंसाठी. कळमनुरीत आमच्या दोघींच्या घरांना भिंत एकच आहे. मी इकडं विळी मांडली की तिकडून आवाज येतो, "चिरायला घेतले का गं?"

"घेतले आक्का."

"जाड चिर. मागल्या बारीला काड्या केल्या होत्या."

त्यांना साबुदाणा सोसत नाही, पित्त होतं. भगरीचा कंटाळा. गेल्या वर्षीच्या श्रावणात मी त्यांना पहिल्यांदा फ्रेंच फ्राईज करून दिले. नाव ऐकून त्या हसल्या, म्हणाल्या, "ही तर बटाट्याची बोटं." तेव्हापासून घरात तेच नाव.

मला ती चांगली जमतात, हे सांगायला लाजायचं कारण नाही. बटाटा जुना आणि मोठा घ्यावा, नवा पाणचट असतो आणि तळला की मऊ पडतो. बोटाच्या जाडीचे तुकडे कापून गार पाण्यात टाकावेत, पाणी गढूळ होईल तसं बदलावं. मग उकळत्या पाण्यात थोडा वेळ. तुकडा वाकला पाहिजे, तुटला नाही पाहिजे. सुती कापडावर पसरून खडखडीत कोरडे करावेत. इथं घाई केली की तेल अंगावर उडतं. पहिल्यांदा मध्यम आचेवर रंग न येऊ देता तळावेत, काढून गार होऊ द्यावेत, आणि ऐन खायच्या वेळी कडक तेलात दुसऱ्यांदा. उपवासाचे म्हणून शेंगदाण्याचं तेल, वरून सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड.

जाऊबाईंना साखर आहे. गोळी रोजची, पथ्य रोजचं. त्यांची सून हे सगळं बघते आणि मन लावून बघते. चहा बिनसाखरेचा, भात नावाला, भाकरी ज्वारीची. बटाटा त्या घरात येतच नाही. सोमवारी दुपारी ती शेतात डबा घेऊन जाते, आणि जाऊबाई फराळाला माझ्याकडे येतात. सुनेला वाटतं काकडी, ताक, मूठभर शेंगदाणे. तिनं कधी विचारलं नाही, कारण आमच्याकडे उपवासाचं खाणं हे खाणं धरतच नाहीत. थाळीभर फराळ झालेल्या माणसाला विचारा, "जेवलात का?" तो म्हणेल, "न्हाई, सोमवार हाय ना." आणि तो खोटं बोलत नसतो.

मला मात्र कळत होतं. माझ्या नवऱ्याची साखर काठावर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून मी त्यांच्या ताटात बटाट्याची फोड पडू दिलेली नाही. रश्श्यातला बटाटासुद्धा चमच्यानं बाजूला काढते. तीच मी भिंतीपलीकडच्या बाईला ताटलीभर तळून देत होते. ती खूश व्हायची, मला शाबासकी द्यायची, आणि ती शाबासकी मला हवी होती.

आदल्या सोमवारी जाऊबाई आणि त्यांची सून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाऊन आल्या. निघायच्या आधी जाऊबाईंचा माझ्याकडे फराळ झालेला होता. परत आल्या त्या तहानेनं हैराण, डोळ्यापुढं धुकं आल्यासारखं म्हणत होत्या. सून घाबरली आणि आम्ही तिघी गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोट टोचून साखर बघितली, कपाळाला आठ्या पडल्या.

"काय खाल्लं होतं आज?"

सून म्हणाली, "काहीच न्हाई डॉक्टर. उपवास हाय. सकाळी बिनसाखरेचा चहा, बस."

डॉक्टरांनी जाऊबाईंकडे बघितलं. "बराबर?"

"व्हय. सोमवार हाय ना," जाऊबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला.

"काही न खाता एवढी?" डॉक्टर म्हणाले. "मग आहे ती गोळी पुरत नाही." त्यांनी जास्तीची गोळी लिहून दिली, आणि सुनेला बजावलं, "घरचं पथ्य नीट बघा. कुठंतरी ढिलाई होतेय."

पोरगी खाली मान घालून "व्हय" म्हणाली. मी बोलायचं ते तिथंच होतं. मी चपला शोधायला लागले.

गुरुवारी हळदीत निंदणी होती. मी, सून, जाऊबाई, तिघी एका ओळीनं. जाऊबाई मध्येच बांधावर बसल्या. हात थरथरत होते, कपाळावर घाम, बोलणं अडखळत. सुनेनं धावत जाऊन बिस्किटं आणली, साखर घातलेला चहा पाजला, तेव्हा कुठं त्यांना थारा आला.

"ऊन लागलं असंल," मी म्हटलं.

सुनेनं वर बघितलं. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

वाढीव गोळी रोजच्या ज्वारीच्या भाकरीवर जड होत होती, साखर पार खाली जात होती. ती गोळी माझ्या बटाट्यासाठी दिली होती, आणि बटाटा फक्त सोमवारी होता. हे मला तिथं बांधावर उभ्या उभ्या समजलं. घरी गेल्यावर मोठ्या दिरांनी सुनेला सगळ्यांसमोर सुनावलं, "कधी वर जाती, कधी खाली. तुझं ध्यान कुठं असतं?" भिंत एकच असल्यानं मी सगळं ऐकलं.

तरीही आज बटाटे चिरले. सून चाळणी मागायला आली. कापडावर पसरलेले तुकडे बघून खाली बसली आणि सवयीनं दुसऱ्या फडक्यानं टिपायला लागली.

"काकू, काय करून राहिल्या?"

"फराळाचं."

"तुमचं बरं हाय, तुमाला खाता येतं." फडकं उलटं करून म्हणाली, "उद्या आईंना नांदेडला नेणार हायत. मोठ्या डॉक्टराकडं. इंजेक्शन लागंल म्हणत्यात, रोजचं." तिचे हात चालूच होते. "माझं कुठं चुकून राहिलं ते तरी सांगा ना काकू. तुमी तर रोज बघता."

"तुझं काही चुकत न्हाई."

"मग काहून व्हतंय असं?"

मी म्हटलं, चाळणी वरच्या फळीवर आहे. ती घेऊन गेली.

दुपारी जाऊबाई आल्या आणि पाटावर बसल्या. मी कढई ठेवलीच नव्हती.

"आक्का, आज नको. साखर वाढतीय तुमची."

"उपवासाच्या दिवशी कशी वाढंल? देवाच्या नावानं खाल्लेलं बाधत न्हाई."

"देव काय गोळ्या देतो का?"

"तू लई शहाणी झालीस." त्यांचा चेहरा उतरला. "उद्यापासून सुया टोचणार हायत मला. शेवटचा सोमवार गं. उगं तकलीफ देऊ नको."

मी कढई ठेवली. हे मी समजून उमजून केलं. दुसऱ्या तळणीला तुकडे सोनेरी झाले, वाजायला लागले. जाऊबाईंनी ताटली पुसून खाल्ली, बोटाला लागलेलं मीठसुद्धा. जाताना म्हणाल्या, "तुझ्या हाताला चव हाय." मला त्या घटकेला तेलाच्या वासाची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला न्यायची जीप दारात लागायच्या आत मी शेजारच्या अंगणात गेले. मोठ्या दिरांसमोर मी एरवी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. दर सोमवारी मी आक्कांना बटाटे तळून देते, कालही दिले, त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले, सुनेचा यात काही दोष नाही. एवढंच.

दीर नळावर हात धुवायला गेले. सून दारात उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

जाऊबाई आतून म्हणाल्या, "घरभेदी कुठली."

"बसा माझ्या गाडीवर. आधी आपल्या डॉक्टरांना खरं सांगू," मी म्हटलं.

स्कूटीवर घालून त्यांना गावातल्याच डॉक्टरांकडे नेलं. दवाखाना नुकताच उघडला होता, बाई फरशी पुसत होती. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते चिडले, आणि बरोबरच होतं. म्हणाले, बटाटा पोटात गेला की त्याची साखरच होते, त्यात ताटलीभर एकदम, वर तेल आणि मीठ. सैंधव असलं तरी ते मीठच. "मला खरं सांगितलं असतं तर गोळी वाढवलीच नसती. थरथर सुटली ती कशानं, कळलं का आता?"

"कळलं."

त्यांनी वाढीव गोळी बंद केली, नांदेड तूर्तास थांबवलं, आठवड्यानं पुन्हा तपासायला बोलावलं. येताना जाऊबाई मागं बसल्या, पण माझ्या खांद्याला धरलं नाही, सीटच्या कडीला धरून बसल्या. मी खड्डे चुकवत गाडी हळू चालवली, त्यांना त्यांच्या दारात उतरवलं, आणि बंद केलेल्या गोळ्यांचं पाकीट सुनेच्या हातात देऊन काय सांगितलंय ते तिला नीट समजावून सांगितलं.