सरासरीने लवकर पोचणारी गाडी

पेणच्या अलीकडच्या जिते स्टेशनच्या फलाटावर उतरलो तेव्हा हातात कोऱ्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता आणि अंगात फाजील आत्मविश्वास. काम सरकारी पाहणीचं. दोन योजनांतली एक निवडायची होती: गावागावांतून पेणला जाणारी बस चालू ठेवायची, की ती बंद करून रेल्वेच्या फेऱ्या वाढवायच्या. दोन्हींच्या वेळा मी आठवडाभर टिपल्या होत्या. रेल्वे सरासरीने लवकर पोचत होती. आता लोकांना विचारायचं तेवढं उरलं होतं.

"बसऐवजी रेल्वे चालेल?"

सगळे "व्हय" म्हणाले. डोलवीच्या कंपनीत कंत्राटदाराकडे कँटीनचं काम करणाऱ्या ललिताबाईही म्हणाल्या. वर घरी नेऊन पोहे खायला घातले. माझ्या प्रश्नांत आणि पोह्यांत त्यांची बस निघून गेली, म्हणून दुपारच्या शिफ्टसाठी त्या मी रोह्याला जाणार होतो त्याच रेल्वेने निघाल्या.

पेणच्या अलीकडे मालगाडीला वाट देत आमची गाडी थांबली. बाहेर भातखाचरं शांत पसरली होती. ललिताबाई दारापर्यंत जात, परत येत.

"उशीर झाला की गेट बंद. दोन खाडे झालेत माझे. तिसऱ्याला कंत्राटदार दुसरी बाई घेतो."

"मग रेल्वेला व्हय कशाला म्हणालात?"

"तुम्ही उन्हात उभं राहून विचारीत होता. पाहुण्याला नाय कसं म्हणायचं? बस हळू जाते, पण रोज ठरल्या वेळेला पोचवते."

पेणला त्या उतरून डोलवीची गाडी पकडायला धावत सुटल्या.

रोह्याला खाणावळीत बिरडं (सोललेल्या मोडाच्या वालांची उसळ) खाल्लं, कुंडलिका नदीचा पूल पाहिला आणि मला पाहणीवर पाठवणाऱ्या साहेबांपुढे बसलो. रेल्वेचे चांगले दिवस नि वाईट दिवस वेगळे सांगू लागलो.

"एवढं कोण वाचणार? एकच आकडा द्या."

उशिराचे दिवस वहीत होतेच, पण सरासरी काढली की ते दिसेनासे होत. मी कागदावर सरासरी लिहून दिली.

संध्याकाळी परतताना पेणला ललिताबाई डब्यात चढल्या. गेट बंद झालं होतं, काम गेलं होतं.

"तुमचं काम झालं ना?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"बरं झालं," त्या मनापासून म्हणाल्या. मला फार शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी घरी जायचं सोडून पुन्हा रोहा गाठलं आणि साहेबांकडे कागद परत मागितला.

"तो कालच वर गेला," ते म्हणाले. "इतका सुटसुटीत, की लगेच पसंत पडला."