भेगेवरची काच

आज सकाळीही काच अख्खी होती. घराबाहेरच्या सिमेंटच्या कोब्याला पडलेल्या भेगेवर गेले दोन महिने ती आडवी चिकटलेली होती.

गावापासून लांब, या परक्या मुलखात मी दोन खोल्या बांधल्या. भिंतीलगत भेग दिसली आणि घर खचतंय अशी भीती बसली. मी घाईघाईने सिमेंट कालवत होतो, तेवढ्यात शेजारचे म्हातारे गवंडी दत्तूमामा ओरडले, "अरे शहाण्या, झाकतोस काय? आधी ती जिवंत आहे का ते बघू." त्यांनीच काच बसवली. जमीन हलून भेग वाढली तर काच फुटणार, म्हणजे भेग जिवंत.

सातवीत शाळा सुटल्यापासून "घाबरू नकोस" असं मला पुष्कळांनी सांगितलंय. त्याने भीती कधी गेली नाही. मामांनी तसं म्हटलंच नाही. माझ्या भीतीला त्यांनी रोज सकाळी बघता येईल असं काहीतरी दिलं.

आज काच उपटून ते म्हणाले, "मेली रे तुझी भेग. भर आता."

मी भेग घासून साफ केली, सिमेंट-वाळूचा मसाला भरला, ओल्या बोटाने सारखा केला. मग पहिल्यांदाच त्या भिंतीला पाठ टेकून चहा प्यालो.