खोक्यातलं भात

कोपरला आमची बिल्डिंग आमच्याच शेतावर उभी आहे. त्यामुळे तिसरीतल्या लेकीने ‘तांदूळ कुठे उगवतो?’ विचारलं, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, ‘इथेच, आपल्या पायाखाली.’ ‘मग उगवून दाखव,’ ती म्हणाली. झाली पंचाईत. शेतकऱ्याचा मुलगा खरा, पण माझी हयात गेली कॉम्प्युटरपुढे.

शेवटी खडवलीच्या आत्याने ओंजळभर भाताचं बियाणं दिलं. मासळीबाजारातून थर्माकोलचा खोका आणून त्यात माती भरली आणि रोज सकाळी आम्ही बाप-लेक बाल्कनीत उकिडवे बसायला लागलो. ती पट्टी लावून उंची मोजायची, मी पाणी घालायचो. माझे वडील मागे खुर्चीत बसून नुसते बघायचे. काही विचारलं तर ‘बरा चाललाय’ एवढंच. मला वाटायचं, या पोरखेळाचं त्यांना हसू येत असणार. रोपं वीतभर झाली आणि लेक सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटली.

एका शनिवारी आम्ही दोघं तिच्या चपला घ्यायला गेलेलो. परत येऊन बघतो तर खोका उजाड. बाबांनी एकूण एक रोप उपटलं होतं आणि मुळं धुऊन ते जुड्या बांधत बसले होते. लेकीने भोकाड पसरलं. माझं डोकं सटकलं.

‘बाबा, शेत तर विकलंत. आता पोरीचा खोकापण ठेवायचा नाही?’

बाबांनी जुड्या बादलीतल्या पाण्यात ठेवल्या आणि खाली गेटजवळच्या बाकावर जाऊन बसले.

मी तणतणत आत्याला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग हसत सुटली. ‘अरे येड्या, उपटल्याबिगर लावनी कशी व्हनार? आधी दाट पेरायचा, मग उपटून पातल लावायचा!’

लावणी हा शब्द मी जन्मापासून ऐकत आलोय. पण त्याआधी उपटावं लागतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाबांनी तोंड उघडून सांगायला काय हरकत होती? राग त्यांचा धरावा की स्वतःचा, तेच कळेना.

लेकीला घेऊन खाली गेलो. ‘बाबा, चुकलो. वर चला, रोपं सुकतील.’

‘पान्यात हायती. नाय सुकनार,’ ते म्हणाले. पण उठले.

वर येऊन त्यांनी रंगाच्या रिकाम्या बादल्यांत चिखल कालवला. तीन-तीन रोपं चिमटीत धरायची आणि अंगठ्याने आत दाबायची. लेक दोन मिनिटांत शिकली. मी लावलेली रोपं मात्र पुन्हा पुन्हा आडवी पडत होती.

‘आजोबा, पप्पांना येत नाही?’

‘मीच शिकवला नाय, बाय. लावनीच्या टायमाला बोलायचो, चिखलात नको येऊ, अभ्यास कर.’ मग माझ्याकडे न बघता, हातातलं रोप दाबत म्हणाले, ‘शेत इकताना त्याला इचारलेला. बोलला, मला काय करायचाय त्या शेताचा.’

मला असं बोलल्याचं आठवत नाही. कितीदा आठवून बघितलं. पण मी बोललोच नसेन, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही.