दादरच्या दुकानातला काळा पडदा

चूक माझीच होती, तिची नव्हे. परवा ड्रॉवर आवरताना जुना पेन ड्राइव्ह सापडला आणि सगळं आठवलं. दादरच्या एका साडीच्या दुकानासाठी आम्ही जाहिरात केली होती. लोअर परळच्या ऑफिसात ती एडिट करणारी सहकारी मला म्हणाली, "सर, फाइल एमओव्हीमध्ये नको, एमपीफोरमध्ये न्या. त्यांचा कॉम्प्युटर जुना आहे, एमओव्ही चालणार नाही." मी म्हणालो, "रंग मरतात गं त्यात. मला नको शिकवूस." दुसऱ्या दिवशी दुकानाच्या माळ्यावर, कोऱ्या साड्यांच्या खळीच्या वासात, मालकांचं सगळं कुटुंब गादीवर बसलं. सनई वाजली, पण पडदा काळाच. मालक म्हणाले, "साहेब, साड्या ऐकायच्या का आम्ही?" सगळे हसले. मी शेजारी बसलेल्या तिच्याकडे बोट केलं, "हिनं चुकीची फाइल दिली." मालकांची तक्रार ऑफिसात पोचली आणि महिनाभरात तिची नोकरी गेली. काल मी त्या दुकानात गेलो, मालकांना खरं काय ते सांगितलं आणि त्यांच्यासमोरच तिला फोन लावला. "स्पीकरवर आहेस, मालक ऐकतायत," मी म्हणालो. "फाइल मी निवडली होती. खोटंही मीच बोललो. माफ कर मला."