आयदर ऑर सर्व्हायव्हर

कबुली म्हटल्यावर तुम्ही जरा सरसावून बसलात ना? वाटलं असेल, पोरीबिरीची भानगड असणार. नाहीतर मामाच्या खिशात हात घातला असणार. नाही हो, तसलं काही नाही. उगाच निराश व्हाल म्हणून आधीच सांगतो — माझ्या गुन्ह्यात एक जिना आहे, बायकांची रांग आहे आणि तीन इंग्रजी शब्द आहेत. बस्स. पण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मामीला नाही, ऑफिसातल्या दोस्तांनाही नाही.

मी मूळचा देवरुखचा. आमचे मास्तर इंग्रजीसुद्धा मराठीतूनच शिकवायचे. त्यामुळे मॅट्रिक होऊन मुलुंडला मामाकडे आलो, तेव्हा माझं इंग्रजी म्हणजे नुसता आवाज होता. पण आवाज झकास! कुणाचंही बोलणं एकदा ऐकलं की तसंच्या तसं काढून दाखवायचो. घरमालकाचं गुजराती वळणाचं मराठी, कंपाउंडरचं घसा खाकरणं. नोकरी नव्हती, मग दुसरं करणार काय?

तेव्हा स्टेशनजवळ नवीन बँक उघडली होती. तिथला क्लार्क बायकांशी मुद्दाम इंग्रजी फाडायचा. बिचाऱ्या पदर सावरत, काम न होताच परत यायच्या. आमच्या चाळीत शाळामास्तरीण कमलताई राहायच्या. त्यांना याचा असा राग आला, की शनिवारी दुपारी त्यांनी बायकांसाठी पैशाच्या इंग्रजीचा क्लासच काढला. अकाउंट, बॅलन्स, इंटरेस्ट, विड्रॉवल. पण नुसते शब्द पाठ करून काय होतं? समोर क्लार्क डोळे वटारून बसला की पाठ केलेलं सगळं उडतं. म्हणून त्यांनी मला क्लार्क केलं.

जिन्याचा कठडा — तीच बँकेची जाळी. मी वरच्या बाजूला बसायचो, बायका खाली पायऱ्यांवर रांगेत. मी नाकातून ओरडायचो, "सिग्नेचर डिफर्स, मॅडम! नेक्स्ट!" हसून हसून मुरकुंडी वळायची त्यांची. पण महिन्याभरात त्याच बायका खऱ्या क्लार्कसमोर ताठ उभ्या राहून बोलायला लागल्या. काय सांगू तुम्हाला, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या माकडचेष्टांचा कुणाला तरी उपयोग झाला! आज विमा कंपनीत खुर्चीवर बसतो, साहेबाशी प्रीमियम आणि बोनसवर बोलतो, ते सगळं त्या पायऱ्यांचं देणं. त्यातही एका बाईचं जास्त. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते खरं वाटायचं नाही.

शेवंताकाकी. मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो गेला. त्याचा फंड मिळाला, तो बँकेत ठेवायचा होता — सुमीच्या, म्हणजे मुलीच्या शिक्षणासाठी. धाकटा दीर म्हणत होता, खातं दोघांच्या नावावर काढू. बाईमाणूस एकटी कुठे बँकेत खेपा घालणार? काकींना नाही म्हणवेना. पण मनात धास्ती — हा एकटाच जाऊन पैसे काढणार नाही ना?

रांगेत त्यांचा नंबर आला. कमलताई आत चहा टाकत होत्या. काकींनी हळूच विचारलं, "सायबा, दोघांची सही लागतली, असा लिवून घेवक काय म्हणू?"

मला ठाऊक होतं का? छे! पण त्याच आठवड्यात मामाबरोबर बँकेत गेलो होतो. तिथे क्लार्क कुणाला तरी म्हणाला होता, "आयदर ऑर सर्व्हायव्हर." काय तो झोक! जिभेवर नुसता घोळत होता. कमलताई किती लांब होत्या? भिंतीपलीकडे. हाक मारली असती तर? पण रांग बघत होती, आणि साहेब कधी कुणाला विचारतो का? मी म्हटलं, "काकी, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणा. दोघांची सही लागते. निर्धास्त राहा."

अर्थ बरोबर उलटा. दोघांपैकी कुणीही एकटा पैसे काढू शकतो.

काकींनी खात्यावर तेच लिहून घेतलं, आणि दिराने एकट्याने सगळे काढले. दहिसरला जाऊन म्हशी घेतल्या. काकी बँकेतून परत आल्या त्या गॅलरीतच बसल्या. अख्खी चाळ गोळा झाली. कमलताईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "अहो, पण हे तुम्हाला सांगितलं कुणी?" मी तिथेच, खांबाला टेकून उभा.

काकींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोणी नाय बाई. माझ्याच डोक्यात उलटा शिरला."

आता तरी बोलायचं ना मी? थांबा — इथवर आलोय तर सगळंच सांगतो. गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मला ती शांतता सोसेना. वाटलं, आता कुणीतरी माझ्याकडे वळणार. म्हणून मी काकींचा आवाज काढला. त्यांच्या मालवणी हेलात, पदर ओढून — "आयदर आर सरवायवर, सायबा!"

सगळे हसले. काकीही हसल्या.

सुमीची शाळा सुटली नाही. काकींनी लोकांचे मसाले कांडले, हाताची आग आग व्हायची. चाळीत मात्र वर्षभर त्या 'सरवायवर काकी' होत्या. हे नाव मीच दिलेलं.

पैसे गेले त्यानंतरचे दोन शनिवार मी क्लासला गेलो नाही. दुसऱ्या शनिवारी पोट दुखतंय सांगून पांघरूण घेऊन पडलो होतो. तर काकीच दारात. मामी बाहेर कपडे वाळत घालत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबून, पण अशा खवळल्या होत्या —

"पोटात दुखता? माका शिकवतंस? बायका थंय जिन्यार उभ्या रवल्यात आणि ह्यो सायब हंय लोळता! तुका ठावक नाय व्हता, तर नाय म्हणान सांगूचा. साऱ्या चाळीचे आवाज काढतंस मेल्या, आणि 'माका ठावक नाय' येवढा तुझ्या आवाजात बोलूक येणा नाय? ऊठ. आज मी पयली उभी रवतलंय. आणि आज एकेक शब्दाचो अर्थ आधी कमलताईक इचारशीत, माझ्यासमोर, मगेच वर जावन बसशीत. तोंड धू आधी. थोबाड बघ कसा झाला हा!"